नेटवर्क स्विचचा आवाज कमी करण्यासाठी ४० मि.मी.चे पंखे बदलावेत का?

संत्रानगरी
नमस्कार मंडळी. एका कार्यालयाचे सामान निघाले तेव्हा मी २४ पोर्टांचा जुना गिगाबिट पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणांना वीजही देणारा) स्विच विकत घेतला आणि तो घरातल्या अभ्यासिकेत बसवला. त्यावर चार कॅमेरे आणि दोन वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट चालतात. कामाबद्दल तक्रार नाही, पण मागच्या दोन पंख्यांची कर्कश शिट्टी अखंड चालू असते. उन्हाळाभर कूलरच्या घरघरीत ती दबून गेली होती. पाऊस लागून कूलर बंद झाला आणि आता रात्री शेजारच्या खोलीतही ती झोपू देत नाही. दोन्ही पंखे ४० × ४० × २० मि.मी. मापाचे, १२ व्होल्ट, ०.१५ अँपिअरचे आणि तीन वायरींचे आहेत. त्यांच्या जागी नॉक्टुआ कंपनीचे एनएफ-ए४एक्स२० एफएलएक्स हे पंखे बसवण्याचा विचार आहे. स्विच पंखा बिघडल्याचा इशारा देत राहील का, आणि नागपूरच्या मे महिन्यात हे पंखे पुरे पडतील का?

तापकीरगल्ली
पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या वायरीत आहे. संगणकाच्या पंख्यात ही वायर टॅको सिग्नल देते, म्हणजे पात्याच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्पंद. स्विचच्या काही पंख्यांत मात्र तिच्यावर फेऱ्यांची मोजणी नसतेच. पंखा फिरत असेपर्यंत ती शून्याजवळ राहते आणि पंखा अडकला की वर जाते. अशा स्विचला टॅकोचा पंखा जोडला, तर पंखा व्यवस्थित फिरत असूनही लाल दिवा लागतो, आणि लोक बिचाऱ्या नव्या पंख्यालाच दोष देतात.

खरेदीपूर्वी हे मल्टीमीटरवर कळते. स्विचची केबल भिंतीतून काढून काही मिनिटे थांबा, कारण २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतला मोठा कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला असतो. मग सिग्नलची वायर आणि ग्राउंड यांना मगरचिमटे लावा, पॉवर सप्लायचा भाग झाकून घ्या आणि हात बाहेर ठेवूनच स्विच सुरू करा. डीसी मापात ३.३ किंवा ५ व्होल्टच्या साधारण निम्मा आकडा दिसला, तर टॅको समजा. जवळपास शून्य दिसले, तर तो दुसरा प्रकार. दुसऱ्या प्रकारात सिग्नलची वायर ग्राउंडला जोडून इशारा गप्प करणारे बरेच भेटतील, पण त्यानंतर पंखा खरोखर बंद पडला तरी स्विच तुम्हाला काहीही सांगणार नाही.

कनेक्टरचा क्रमही तपासून घ्या. सॉकेटमध्ये प्लग बसला म्हणजे वायरींचा क्रम जुळला असे होत नाही. जुना पंखा काढण्याआधी कोणत्या पिनवर १२ व्होल्ट येतात ते मोजून कागदावर लिहा. क्रम वेगळा निघाला, तर प्लगची बारीक प्लास्टिक खिटी सुईने उचलून पिना बाहेर ओढता येतात आणि हव्या त्या जागी बसवता येतात. हवेची दिशा दाखवणारा बाण पंख्याच्या चौकटीवर असतो. तो जुन्या पंख्याप्रमाणेच ठेवा.

निवृत्त अभियंता
दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तुम्ही निवडलेला पंखा मिनिटाला ५००० फेरे घेतो, तासाला सुमारे ९.४ घनमीटर हवा देतो आणि त्याचा आवाज १४.९ डेसिबल नोंदवलेला आहे. त्याला जेमतेम ०.०५ अँपिअर लागतात, म्हणजे तुमच्या जुन्या पंख्याच्या एक तृतीयांश. हवा ढकलण्याची ताकदही कमीच असणार. एकाच पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, दाब चौथाई राहतो आणि आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. ही शांतता हवा गमावूनच मिळालेली असते. स्विचच्या अरुंद पेटीत जाळी, वायरी आणि हीटसिंक यांतून हवा रेटायची असल्याने दाबाची ही घट जास्त जाणवते.

म्हणून जुलैत पंखे बदलून 'तापमान ठीक आहे' असा निष्कर्ष काढू नका. खोली २८ अंशांवर असताना स्विचच्या सेटिंगमध्ये आतले तापमान ५२ दिसले, तर वाढ २४ अंशांची झाली; भार तोच राहिला, तर मे महिन्यातल्या ४० अंशांच्या खोलीत आत सुमारे ६४ होतील. हा आकडा स्विचच्या इशारा-मर्यादेशी ताडून पाहा. पोर्टांवरचा पीओई भार कमी असल्यामुळे तुमचे काम निभावण्याची शक्यता बरीच आहे, परंतु २४ पोर्टांवर कॅमेरे भरले असते, तर मी नकोच म्हटले असते.

पत्ता नाही
विषय पंख्यांचा असला तरी एक सांगतो. सहा उपकरणांसाठी पंखा नसलेला आठ पोर्टांचा पीओई स्विच मिळतो. जुना स्विच स्वतःपुरते ४० वॅट जरी घेत असेल, तरी महिन्याला सुमारे २९ युनिट होतात.

संत्रानगरी
सर्वांचे आभार. मोजमापात १.६ व्होल्ट आले, म्हणजे टॅकोच आहे. प्लगमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांची जागा मात्र उलटी निघाली. आठ पोर्टांचा पर्याय मोहात पाडणारा आहे, पण गच्चीवर आणखी कॅमेरे लावायचे आहेत.

निवृत्त अभियंता
मग एका वेळी एकच पंखा बदला आणि पॉवर सप्लायच्या जवळचा जुना पंखा तूर्त राहू द्या. आवाज तेवढ्याने पुरेसा उतरला नाही, तर दुसरा बदला, मात्र प्रत्येक बदलापूर्वी आणि नंतर खोलीचे व आतले तापमान लिहून ठेवा. पोर्ट वाढवाल तेव्हा हीच मोजणी पुन्हा करा.