मराठी विकिपीडियावरील लेखन-संपादन : आपले अनुभव

ज्ञानकोशकार केतकरांचे २३ खंड आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईला आकाराला आलेला मराठी विश्वकोश, या दोन्ही कामांमागे निवडलेल्या जाणकारांचे मंडळ होते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला असे मंडळ नाही. तिथे साधारणपणे कोणीही ‘संपादन’ची कळ दाबून लिहू शकतो, आणि त्याने लिहिलेले दुसरा कोणीही लगेच बदलू शकतो. आपल्यापैकी काही जण हे काम गाजावाजा न करता वर्षानुवर्षे करत आहेत. लेख कसा लिहावा याच्या सूचना तिथल्या मदत पानांवर आहेत, त्या इथे पुन्हा नकोत. आपण पहिल्यांदा काय लिहिले, ते टिकले का, कोणी बदलले आणि त्यानंतर आपल्या लिहिण्यात काय फरक पडला, हे प्रत्येकाने सविस्तर सांगावे, ही विनंती.

निवृत्त भूगोल शिक्षिका, सातारा जिल्हा

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी माझ्या माहेरच्या गावाचे पान उघडले. गाव कोणत्या तालुक्यात आहे हे सांगणारे एक वाक्य आणि त्याखाली ‘हवामान’, ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’, ‘नागरी सुविधा’, ‘जवळपासची गावे’ असे रिकामे मथळे, एवढेच तिथे होते. आयुष्यभर मुलांना नकाशे शिकवल्यानंतर स्वतःच्या गावाचे पान असे ओकेबोके मला पाहवेना. तीन रात्री बसून मी ग्रामदैवताची आख्यायिका, पालखीचा मार्ग, पाटलांच्या वाड्याशेजारची जुनी विहीर आणि गावासाठी झटलेल्या माणसांची नावे लिहिली. सुरुवात अर्थातच ‘निसर्गाच्या कुशीत वसलेले टुमदार गाव’ अशी केली.

दुसऱ्या दिवशी त्यातला निम्म्याहून अधिक मजकूर काढलेला होता. माझ्या चर्चा पानावर, म्हणजे सदस्यांनी एकमेकांशी बोलण्यासाठी असलेल्या पानावर, एका सदस्याने नम्रपणे विचारले होते की, या माहितीला संदर्भ कोणता? मला फार वाईट वाटले. ज्या विहिरीचे पाणी मी स्वतः शेंदले आहे तिला संदर्भ कसला मागता, असे मी रागाने लिहिले. त्यांनी शांतपणे उत्तर दिले की, वाचणाऱ्याला तुम्ही दिसत नाही, म्हणून त्याला स्वतः पडताळून पाहता येईल असे काहीतरी त्याच्या हाती द्यायला हवे. हे पटायला मला दोन आठवडे लागले.

मग मी जिल्ह्याच्या ग्रंथालयात जाऊन १८८५ सालचे सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सरकारी माहितीपुस्तिका, पाहिले. त्यात आमच्या आठवडी बाजाराबद्दल दोन ओळी निघाल्या, तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. लोकसंख्या आणि घरांची संख्या २०११ च्या जनगणनेतून घेतली. आख्यायिका देवस्थानाने छापलेल्या पुस्तिकेत होती, म्हणून ती ‘असे देवस्थानाच्या पुस्तिकेत म्हटले आहे’ या शब्दांसह पानावर परत आली. आज त्या पानावर अकरा वाक्ये आहेत आणि प्रत्येकाला आधार आहे. विहीर मात्र अजून पानावर नाही, कारण तिच्याबद्दल छापलेले मला कुठेही सापडलेले नाही. संदर्भाचा नियम योग्य आहे, हे मी आता मनापासून मान्य करते. तरीही आपल्या खेड्यांबद्दल छापूनच इतके कमी आले आहे की हा नियम शहरांपेक्षा खेड्यांना अधिक जड जातो, हेही नोंदवून ठेवावेसे वाटते. गावाकडच्या कोणी विहिरी, बारवा, पार, वेशी यांवर एखादी छोटी पुस्तिका काढली, तर तिचा उपयोग पुढे किती जणांना होईल!

अभियंता, श्टुटगार्ट, जर्मनी

मी २००६ पासून लिहितो. त्या काळी कार्यालयातल्या संगणकावर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत. विंडोज एक्सपीवर जोडाक्षरे नीट उमटावीत म्हणून मूळ सीडी घालून जादा फायली चढवाव्या लागत, आणि मजकूर ‘बरहा’ या टंकलेखनाच्या आज्ञावलीत टंकून विकिपीडियावर चिकटवावा लागे. परदेशात राहणाऱ्या मला दिवसभरात मराठी लिहिण्याचा तेवढाच एक प्रसंग मिळत असे, त्यामुळे त्या खटपटीचे कधी ओझे वाटले नाही.

माझे बरेचसे काम वाचकाला दिसत नाही. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत, २००८ साली आले. त्याआधी ते ‘अ’, एक अदृश्य जोडचिन्ह आणि वरचा चंद्र अशा तीन तुकड्यांनी लिहिले जात असे. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. ‘दऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’चीही तीच गत आहे. त्यामुळे एकाच शहराचे दोन लेख निर्माण होत आणि शोधणाऱ्याला एकही सापडत नसे. असे जोडलेख शोधून त्यांचा मजकूर एकत्र करणे आणि एका शीर्षकावरून वाचक आपोआप दुसऱ्याकडे जाईल असे पुनर्निर्देशन देणे यात माझा एक अख्खा हिवाळा गेला. ठरावीक साच्याचे असे बदल सांगकाम्यांकडून, म्हणजे आपोआप चालणाऱ्या संगणकीय आज्ञावलींकडून, करून घेता येतात. पण दोन लेखांपैकी कोणते वाक्य ठेवायचे हे माणसालाच ठरवावे लागते.

प्राध्यापिका, मुंबई

आमच्या महाविद्यालयात मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने कार्यशाळा घेतली, तेव्हा चाळीस विद्यार्थी एकाच प्रयोगशाळेत बसवले होते. पहिल्या सहा जणांची खाती उघडली आणि सातव्यापासून सगळे अडकले. एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटच्या एकाच जोडणीवरून, दिवसाला सहाच खाती उघडता येतात आणि कार्यक्रम असेल तर आधी सांगून ही मर्यादा शिथिल करून घ्यावी लागते, हे मला माहीत नव्हते. उरलेल्यांनी आपापल्या मोबाइलच्या डेटावरून खाती उघडली. पुढच्या वर्षी मी महिनाभर आधी विनंती केली.

दुसरी अडचण अधिक खोल होती. मुलांनी वृत्तपत्रांतून आणि विश्वकोशातून परिच्छेदच्या परिच्छेद उचलून लेखांत घातले, आणि प्रताधिकाराच्या कारणाने ते काढले गेले. अभ्यास म्हणजे उतरवून काढणे, ही सवय आम्हीच त्यांना लावली आहे. दुसऱ्या सत्रापासून मी स्रोत वाचून मिटवायला लावते आणि मगच लिहायला सांगते.

त्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने डॉ. रखमाबाई राऊत यांच्या लेखात भर घालायला घेतली. अकराव्या वर्षी लावून दिलेल्या लग्नानंतर नांदायला जाण्यास नकार, पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली लावलेला खटला, पुढे लंडनला घेतलेले वैद्यकीय शिक्षण, हे सगळे तिने दोन पुस्तके समोर ठेवून लिहिले. पहिल्या मसुद्यात ‘थोर’, ‘धाडसी’, ‘तेजस्वी’ असे शब्द ओळीओळीला होते. विशेषणे काढून न्यायालयात काय घडले तेवढेच लिही, असे मी तिला सांगितले, तेव्हा ती हिरमुसली. शेवटचा मसुदा वर्गात वाचताना मात्र तिचाच आवाज भरून आला. ती आता नोकरी करते आणि अजूनही दर मार्चमध्ये एका स्त्रीवर लेख लिहिते.

इतिहासाचा अभ्यासक, कोल्हापूर

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीवरून चर्चा पानांवर जे वाद होतात, त्यांत मीही एके काळी हिरिरीने उतरलो होतो. जेधे घराण्यातली घटनांची जुनी कालानुक्रमे नोंद असलेली जेधे शकावली आणि शिवभारत हे संस्कृत काव्य यांच्या आधारे फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख येते, तर बखरींच्या परंपरेत १६२७ सालचा वैशाख येतो. मी दुसरी परंपरा पूर्णपणे खोडून काढली होती. दुसऱ्या एका सदस्याने माझा बदल उलटवला, मी त्याचा उलटवला, आणि असे चारपाच वेळा झाले. शेवटी आम्ही दोघेही चर्चा पानावर आलो. कोणती तारीख कोणत्या साधनात आहे, शासनाने कोणती मानली आहे आणि जुनी परंपरा कशावर उभी होती, हे लेखात क्रमाने सांगावे, असे ठरले. त्याच चर्चेत त्यांनी माझ्या लक्षात आणून दिले की १९ फेब्रुवारी ही ज्युलियन दिनदर्शिकेतली तारीख आहे आणि आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च १६३० येतो. वीस वर्षे इतिहास वाचूनही मी ही गोष्ट तपासून पाहिली नव्हती. त्या सदस्यांना मी आजवर भेटलेलो नाही, परंतु माझा कोणताही मोठा लेख त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुरा झाला असे मला वाटत नाही.

फोंडा, गोवा

मी मराठी आणि कोंकणी दोन्हींकडे लिहितो. कोंकणी विकिपीडिया २०१५ साली स्वतंत्रपणे उभा राहिला. त्याआधी गोवा विद्यापीठाने आपल्या कोंकणी विश्वकोशाचे चार खंड मुक्त परवान्याखाली खुले केले होते, आणि त्यांतला मजकूर टंकून चढवणाऱ्यांत मी होतो. तिथे देवनागरीबरोबर रोमी, म्हणजे रोमन, लिपीतलेही लेख आहेत. माझ्या आईला रोमीच वाचता येते, म्हणून मी तिच्यासाठी दोन लेख रोमीत लिहिले.

बँक कर्मचारी, नागपूर

मी नवे लेख फारसे लिहीत नाही. रात्रीच्या जेवणानंतर तासभर ‘अलीकडील बदल’ पाहतो आणि माझ्या निरीक्षणसूचीतली, म्हणजे मी लक्ष ठेवण्यासाठी निवडलेली, पाने तपासतो. बहुतेक चुका निरागस असतात: कोणीतरी सराव म्हणून स्वतःचे नाव टंकलेले असते, कोणाच्या हातून अर्धा लेख पुसला गेलेला असतो. प्रत्येक पानाचा इतिहास जपलेला असल्याने ते क्षणात पूर्ववत होते, आणि त्या सदस्याला मी धूळपाटी या सरावाच्या पानाचा दुवा देऊन तिथे सराव करायला सुचवतो. पूर्वी नुसते उलटवून पुढे जात असे. तसे केल्यावर ती माणसे पुन्हा येत नाहीत, हे ध्यानात आल्यापासून मी दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढे जात नाही.

सर्वांत कठीण रात्री त्या असतात, जेव्हा एखाद्या ज्येष्ठ कलावंताच्या निधनाची वार्ता पसरते. व्हॉट्सॲपवर संदेश फिरू लागताच अनामिक संपादक ‘आहेत’चे ‘होते’ करू लागतात. एकदा एका गायिकेच्या पानावर असे घडले आणि ती वार्ता खोटी निघाली. त्यांचे नातेवाईक ते पान पाहत असतील या विचाराने मला झोप आली नाही. तेव्हापासून कुटुंबीयांचे किंवा विश्वासार्ह वृत्तपत्राचे निवेदन येईपर्यंत मी तो ‘होते’ परत ‘आहेत’ करत राहतो. कधी चार वेळा, कधी दहा वेळा. वार्ता खरी ठरली की तो शब्द मीच बदलतो, संदर्भ देतो, आणि मग संगणक बंद करतो.