माहेश्वरी साडीची जरतार 3डी रेंडरमधे (संगणकाने काढलेल्या चित्रात) एकदम मेलेली दिसतेय

मल्हारी_3डी: क्लॉथ मार्केटातून माहेश्वरीचा तुकडा आणून फ्लॅटबेडवर स्कॅन केला, पण ब्लेंडर या 3डी सॉफ्टवेअरमधे जर नुसती पिवळी दिसते, चमक नावाला नाही. काय करू?

पोहेजिलेबी: अरे स्कॅनर रंग देतो, चमक नाही. कॅमेरा हलवू नको, दिवा चहूबाजूंनी फिरवत फोटो काढ, त्यातून नॉर्मल मॅप (पृष्ठभागाचा कल दाखवणारं चित्र) निघतो. जरीचा मास्क (जर कुठे आहे ते दाखवणारं चित्र) वेगळा, तिथे मेटॅलिक (धातूपणा) 1, बाकी 0. आणि आधी इस्त्री कर बाबा, तुकडा टाइल केल्यावर (शेजारी शेजारी जोडत नेल्यावर) तीच घडी साडीभर दिसते.

मल्हारी_3डी: दिवा अन् लेन्स दोन्हीवर पोलरायझर (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश सोडणारा फिल्टर) लावून पाहिला, तर जर काळीच!

विणकाम_वेडा: होणारच, दोन्ही एकमेकांना 90 अंशात आडवे लावले की धातूची चमकच कापली जाते अन् जरीचा रंग म्हणजे तीच चमक. सुतारेशमाला ठीक आहे ते, जरीचा रंग पोलरायझर काढून घे. अ‍ॅनिसोट्रॉपीही दे, म्हणजे दिशेनुसार बदलणारी चमक; ती धाग्याला आडवी ताणली जाते.