नियम नक्की मोडला कोणी?

'पदक काढून घेतलं म्हणजे खेळाडू लबाडच' असं सर्रास म्हटलं जातं. उत्तेजक घेतल्यामुळे पदक गमावलेला धावपटू बेन जॉन्सन याला ते चालेल, अमेरिकन खेळाडू जिम थॉर्पला नाही. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये थॉर्पने पेंटॅथलॉन (पाच क्रीडाप्रकारांची स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची), दोन्हींत सुवर्ण मिळवलं. गुन्हा काय, तर आधी दोन उन्हाळे किरकोळ पैशांसाठी बेसबॉल खेळला होता. तेव्हा ऑलिंपिक फक्त हौशी, म्हणजे खेळातून पैसे न कमावणाऱ्या खेळाडूंसाठी होतं; त्या नियमात ते बसेना, म्हणून १९१३मध्ये पदकं गेली. गंमत पुढेच आहे. तक्रार स्पर्धा संपल्यापासून ३० दिवसांत करायची, हा त्या स्पर्धेचाच नियम. ती मुदत केव्हाच उलटून गेली होती! १९८२मध्ये त्याला संयुक्त विजेता ठरवलं. एकट्याचं नाव लागायला २०२२ उजाडलं. तो बिचारा १९५३मध्येच गेला होता.