आतषबाजीच्या फोटोंना १.८ लेन्स कशाला?

फटाके रात्री उडतात म्हणून किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ एमएम) बाजूला ठेवून आधी जास्त उजेड आत घेणारी ५० एमएम १.८ लेन्स घ्या, हा वरच्या प्रतिक्रियेतला सल्ला पोर्ट्रेटसाठी ठीक, आतषबाजीसाठी नाही. फटाका म्हणजेच उजेड. ठिणगी सेन्सरवरून सरकत जाते, त्यामुळे रेघ किती उजळ येणार हे लेन्सचं छिद्र म्हणजेच अ‍ॅपर्चर आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ठरवतात. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर रेघा लांबतात आणि फ्रेममध्ये बारांची गर्दी होते, इतकंच. आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११ (म्हणजे छिद्र बारीक), शटर २ ते ४ सेकंद. एवढं १८-५५ आरामात करते. शिवाय क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर, त्यात दृश्य कमी मावतं) ५० लावून नाशिकच्या गंगापूर रोडच्या गच्चीवर उभे राहिलात तर अर्धं आभाळ कापलंच म्हणून समजा. ते पैसे दणकट ट्रायपॉड आणि रिमोटमध्ये घाला.

अजून कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो: मेन्यूतलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा. चालू असलं की ४ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा पुढचे ४ सेकंद शटर मिटून काळी फ्रेम घेत बसतो, आणि चांगला बार नेमका तेव्हाच फुटतो. फोकस लांबच्या दिव्यावर धरून मॅन्युअल करा, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचं सावरणारी सोय) बंद. आणि लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी लवकर सुरू करा. वारा पडलेला असला की गोदाकाठी धूर हलत नाही, मग कुठलीही लेन्स लावा, रंग मळकटच येतात.