पगार थकला आहे आणि खिसा रिकामा आहे. आपण अशा दिवसांत काय केले?

विक्रोळीकर:
मंडळी, मी विक्रोळीला तीन मित्रांसह भाड्याच्या खोलीत राहतो आणि एका लहान खासगी कंपनीत हिशेबाचे काम करतो. कंपनीने पगार थकवला आहे, विचारले की 'पुढच्या आठवड्यात' एवढेच उत्तर मिळते, आणि आता वाण्याची उधारी, खोलीचे भाडे व लोकलचा संपत आलेला पास ही तिन्ही संकटे एकाच वेळी उभी राहिली आहेत. आमच्यापैकी एकाने घरातल्या सगळ्या जुन्या पँटचे खिसे आणि पिशव्यांचे कोपरे तपासून नाणी काढली. दुसऱ्याने आईच्या पेटीत जपून ठेवलेली आहेराची जुनी पाकिटे मागवून त्यांच्यावर चिकटवलेले एकेक रुपये सोडवले. त्यातून खरोखरच काही दिवसांचे दूध आले. आपल्यापैकी ज्यांनी असे दिवस काढले आहेत, त्यांनी नेमके काय केले? उपाय हास्यास्पद वाटला तरी चालेल, मात्र तो खरा असावा.

गिरणगावची लेक:
माझे लहानपण लालबागच्या चाळीत गेले, त्यामुळे आपल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मी बसलेच. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे 2.5 लाख कामगारांच्या घरी येणारा पगार एकदम थांबला. पहिल्या काही महिन्यांत घराघरांतील भांडी आणि दागिने गहाण पडले. आमच्या मजल्यावर शेवटी सोन्याच्या पाटल्यांचा एकच जोड उरला होता, आणि जिला लग्नाला जायचे असेल तिच्या हातात तो जात असे. एकाच लग्नाचे आमंत्रण दोन घरांना आले, तर एका घरातील बाई मुहूर्ताला जाई, दुसरी संध्याकाळच्या समारंभाला जाई, आणि मधल्या वेळेत एखादे पोर त्या पाटल्या रुमालात बांधून धावत घरी आणीत असे. एकदा नवरीच्या आत्याने बाईला नव्हे, तर पाटल्यांना ओळखले. सगळ्यांचा जीव खाली-वर झाला. पण त्यांच्याही घरी संपच होता, आणि पुढच्या आठवड्यातील एका बारशासाठी तो जोड मिळेल का, असे त्यांनीच हळूच विचारले.

खाणावळीची गोष्ट मात्र मला अधिक महत्त्वाची वाटते. कोकणातून आणि घाटावरून आलेले एकटे कामगार आमच्याकडच्या खाणावळींत महिन्याच्या हिशेबावर जेवत, आणि न जेवलेल्या दिवसाचा खाडा धरला जाई. संपात त्यांचे पैसे येईनासे झाले, तरी अनेक बायकांनी चूल बंद केली नाही. त्यांची स्वतःची उधारी मात्र वाण्याकडे वाढत गेली. अशाच बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते. आमच्या शेजारच्या मावशी खाणावळ चालवीत. 'मावशी, या महिन्यात जमणार नाही, गावाहून भात आला की देईन,' असे जो तोंडावर सांगे, त्याचे ताट त्यांनी कधी थांबवले नाही. जो न सांगता ताट चुकवून मागच्या जिन्याने निघून जाई, त्याच्याबद्दल त्यांच्या मनात कायमची अढी बसली. म्हणून वाण्याला आणि घरमालकाला आपण आजच, त्यांनी विचारण्याआधी, तारीख व रक्कम ठरवून सांगावे.

रिकामा डबा:
वार लावून, म्हणजे आठवड्याच्या एकेका वारी एकेका घरी, जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी आपण आजोबांकडून ऐकल्या आहेत. नोकरी गेली तेव्हा मी ती पद्धत मुंबईत पुन्हा सुरू केली. माझी एक मावशी परळला, एक आत्या भांडुपला आणि एक चुलत काका ठाण्यात राहतात. नुसते जेवायला जाण्याचा संकोच वाटत असे, म्हणून मी डब्याचा आधार घेतला. आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करीत नाहीत. मी खोलीवर पातळ पोह्यांचा चिवडा करीत असे, त्यातला थोडा डब्यात घालून मावशीकडे देत असे, आणि तोच डबा परत घेताना त्यात पोळ्या, उसळ किंवा सुकटाची चटणी असे. मावशीचे काही भांडुपला पोचवायचे असले की मीच पुढे होई, कारण तिथे जेवणाचीच वेळ झालेली असे. परळच्या मावशीने हा सगळा प्रकार फार लवकर ओळखला होता, हे मला नोकरी लागल्यावर कळले. चिवड्यात मीठ कमी आहे असे सांगून ती मला मुद्दाम पुन्हा बोलावीत असे.

ज्यांचे नातेवाईक जवळ नाहीत त्यांनी दादरच्या गुरुद्वाऱ्यातील लंगरमध्ये निःसंकोच बसावे. तेथे कोणी जात, धर्म किंवा परिस्थिती विचारीत नाही. 26 जानेवारी 2020 पासून राज्यात शिवभोजन थाळी 10 रुपयांत मिळू लागली, आणि तीत दोन चपात्या, भाजी, वरण व भात असतो. आपल्या परिसरात चालू केंद्र आहे का, हे आधी पाहून घ्यावे.

आकडेमोड:
वरचे उपाय मला मनापासून आवडले, आणि त्यामागचे कारणही स्पष्ट आहे. चिवडा, पाकिटावरचा रुपया किंवा उसन्या पाटल्या यांमुळे पुढच्या महिन्यावर एक पैशाचाही बोजा पडत नाही. घाबरलेला माणूस मात्र बहुधा याच्या उलट करतो. क्रेडिट कार्डाची केवळ किमान रक्कम भरली, तर उरलेल्या रकमेवर बहुतेक कार्डांवर महिन्याला 3 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक व्याज लागते, आणि नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते. मोबाइलवर काही मिनिटांत कर्ज देणारी अनेक अनधिकृत अ‍ॅप आधीच शुल्क कापून घेतात आणि वसुलीसाठी आपल्या फोनमधील नातेवाइकांना फोन करतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाची रक्कम अधिकृत संस्थेकडून थेट कर्जदाराच्या खात्यात यावी लागते आणि अ‍ॅपला संपर्कयादी वाचता येत नाही; जे अ‍ॅप ती मागते, ते त्याच क्षणी काढून टाकावे. वसुली करणाऱ्यांनी सकाळी 8 पूर्वी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये, असाही नियम आहे. घरात सोने असेल तर ते बँकेत तारण ठेवणे कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. गल्लीतल्या विनापरवाना सावकाराकडे ते नेऊ नये. 2014 च्या सावकारी नियमन कायद्याने तशी सावकारी गुन्हा ठरवली आहे.

पास संपला म्हणून विनातिकीट जाऊ नका. पकडले गेल्यास भाड्याशिवाय किमान 250 रुपये दंड भरावा लागतो, आणि आपल्या आजच्या स्थितीत ती फार मोठी रक्कम आहे.

तांदळाचा डबा:
8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1000 रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा आमच्या आईने तांदळाच्या डब्याच्या तळातून, वडिलांपासून वर्षानुवर्षे लपवलेल्या नोटा काढल्या आणि सगळ्यांसमोर त्या मोजाव्या लागल्या. त्या बँकेत जमा होईपर्यंत आमचे घर धाकट्या बहिणीच्या गल्ल्यातील चिल्लरीवर चालले. बहिणीने प्रत्येक नाण्याची नोंद वहीत ठेवली होती, आणि वडिलांनी तिला ते पैसे खाऊसह परत केले. आपल्या आईला एकदा खरी परिस्थिती सांगून पाहा. अशा डब्यांची माहिती मुलांना नसते.

विक्रोळीकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाण्याशी आज बोललो. त्यांनी वहीत तारीख लिहून घेतली आणि तेल, डाळ व तांदूळ देण्याचे मान्य केले. साबण आणि बिस्किटे मात्र रोखीनेच मिळतील. घरमालकांनी अनामत रकमेतून एका महिन्याचे भाडे वळते करून घेण्याची तयारी दाखवली आहे. आता थकलेल्या पगाराचे काय करावे?

आकडेमोड:
नियुक्तिपत्र, जुन्या पगाराच्या पावत्या, हजेरीची नोंद आणि पगार पूर्वी जमा होत असल्याचे दाखवणारा खात्याचा उतारा एकत्र करा. प्रथम कंपनीला ईमेलने लेखी मागणी पाठवा आणि उत्तरासाठी ठरावीक दिवस द्या. त्यानंतर वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. पगार थकलेले सहकारी सोबत असतील तर सर्वांची नावे आणि रकमा एकाच अर्जात द्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तेथून निघू नका.