'जवळ'ला इंग्रजीत नक्की काय म्हणायचं? निअर, क्लोज, बिसाइड, नेक्स्ट टू...

शेंगाचटणी:
मंडळी जरा मदत करा. आमच्या चुलतभावानं सोलापुरात स्टेशनकडं घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढल्यात, टॉवेल-चादरी घ्यायला बाहेरगावचे व्यापारी येतात ना त्यांच्यासाठी. नेटवर टाकायला इंग्रजीत चार ओळी लिही म्हणाला, का तर मी बँकेत होतो. मी लिहिलं, "निअर फ्रॉम स्टेशन, निअरबाय टू सिद्धेश्वर टेम्पल, बिसाइड्स मेडिकल." भाची वाचून लोळायचीच राहिली, पण चुकलं काय ते सांगंना.

बाराबंदी:
काका, निअर फ्रॉम हे आपल्या 'स्टेशनपासून जवळ'मधनं आलंय, 'पासून'ला आपण फ्रॉम चिकटवतो. निअरला मधी काहीच लागत नाही, निअर द स्टेशन, संपलं. क्लोजला मात्र टू लागतो, क्लोज टू द स्टेशन. लांब असलं की फ्रॉम येतो, फार फ्रॉम, तिथं बरोबर आहे. आणि निअरबायच्या पुढं जागेचं नाव लावायचंच नाही, नुसतं 'देअर इज अ टेम्पल निअरबाय', म्हणजे आपलं 'जवळच एक देऊळ आहे'.

कडक_भाकरी:
बिसाइड्स मेडिकल म्हणजे "मेडिकलशिवाय" झालं ओ काका 😂 शेजारीला बिसाइड, मागं एस नाही. एका एसनं दुकानच गायब. तरी बरं बॅकसाइड नाही लिहिलं, आपल्याकडं पत्त्यात सगळे लिहितात पण तिकडं तो शब्द बसायच्या जागेला वापरतात. बिहाइंड लिहायचं.

शेंगाचटणी:
अरे बापरे. मग 'हाकेच्या अंतरावर'ला काय?

जुनी_वही:
अ स्टोन्स थ्रो अवे. आपण हाक मारतो, ते दगड मारतात 🙂 तसं हाकेसारखं विदिन शाउटिंग डिस्टन्स पण आहे त्यांच्यात. 'वॉकेबल डिस्टन्स' आपल्याकडं जास्त चालतं, तिकडं विदिन वॉकिंग डिस्टन्स म्हणतात.
अजून एक गंमत सांगतो, निअर हा शब्दच मुळात तुलनेचा आहे. जुन्या इंग्रजीत जवळला 'नाय' (nigh, आपलं नकाराचं नाय नव्हे), त्याच्याहून जवळ ते निअर आणि सगळ्यात जवळचं ते नेक्स्ट. आता नाय कोण म्हणत नाही, निअर खाली घसरून साधा 'जवळ' झाला आणि मग त्यालाच परत निअरर, निअरेस्ट लावायची वेळ आली. नेक्स्टचा जुना अर्थ दवाखान्याच्या फॉर्मवर अजून जिवंत आहे, नेक्स्ट ऑफ किन, म्हणजे सगळ्यात जवळचा नातेवाईक, "पुढचा" नातेवाईक नव्हे. माझ्या एका मित्रानं तिथं थोरल्याच्या पुढच्या, म्हणजे धाकट्या मुलाचं नाव लिहिलं होतं.
नेबर पण त्याच घरातला, नाय म्हणजे जवळ आणि पुढचा भाग राहणारा.

धाकटी_पाती:
मला अॅडजसंट आणि अॅडजॉइनिंगचा घोळ आहे. खरेदीखताचं भाषांतर करताना चतुःसीमेत 'लगत' आणि 'लागून' येतं तिथं अडकते.

जुनी_वही:
अॅडजॉइनिंग म्हणजे भिंतीला भिंत, बांधाला बांध, टेकलेलं. अॅडजसंट टेकलेलं असेल किंवा नुसतं शेजारचं, मधी बोळ असला तरी चालतं. तो लॅटिनमधनं आलाय, बाजूला पडून असणे असा अर्थ. म्हणून 'लागून'ला अॅडजॉइनिंग घे, 'लगत'ला काय ते जागा बघून ठरव, आपल्या तलाठ्याचं 'लगत' कधी टेकतं कधी नाही.

बाराबंदी:
तळ्याचं बोला की. भुईकोट किल्ला तळ्याच्या काठाला म्हणून बाय द लेक किंवा बिसाइड द लेक, पण सिद्धेश्वराचं देऊळ तळ्याच्या आतच आहे, तिथं इन द लेक. आणि ऑन द लेक म्हणलं की परत काठावरच, पाण्यावर तरंगणारं नाही. पंढरपूर इज ऑन द भीमा. आपण पण काठा'वर' म्हणतोच की.

कडक_भाकरी:
मी आयुष्यभर काठावरच पास.
बरं, गड्ड्याची जत्रा तोंडावर आली, हे कसं म्हणायचं? ऑन द माउथ??

जुनी_वही:
अराउंड द कॉर्नर. त्यांचं कोपऱ्यावर येतं, आपलं तोंडावर.

धाकटी_पाती:
आणि जवळची मैत्रीण क्लोज फ्रेंडच ना? निअर फ्रेंड कुणी म्हणत नाही. नात्याला मात्र निअर रिलेटिव्ह चालतं. मला वाटतं निअरनं अंतर नाहीतर वंशावळ मोजतात, माया क्लोजनं. उच्चार पण बघा, जवळचा तो क्लोस, शेवटी स, आणि दुकान बंद करतात ते क्लोझ. आपण दोन्हीला एकच क्लोज म्हणतो.

शेंगाचटणी:
सगळ्यांचं ऐकून असं केलंय: "क्लोज टू द स्टेशन, नेक्स्ट टू अ मेडिकल शॉप." देवळाला विदिन वॉकिंग डिस्टन्स टाकलं होतं, भाऊ म्हणाला उन्हाळ्यात कोण चालतंय बे, शॉर्ट रिक्षा राइड लिही. लिहिलं.

कडक_भाकरी:
भाचीला दाखवा आधी.