'डस्ट' म्हणजे धूळ पुसणं की धूळ टाकणं?

प्रश्न

मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. मुलगी नववीत आहे. काल इंग्रजी वाचता वाचता थांबली अन् म्हणे, "बाबा, 'शी डस्टेड द टेबल' लिहिलं आहे. टेबलावर पावडर काहून टाकली असन तिनं?" तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. मुगावर भुरी आली की आपण गंधकाच्या भुकटीची धुरळणी करतो, तिलाच डस्टिंग म्हणतात, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. मग टेबलाचं डस्टिंग म्हणजे धूळ पुसणं, हे कसं? अन् डस्ट म्हणजे धूळ, तर त्याचं क्रियापद झालंच कसं? मला सांगता आलं नाही, त्याचं वाईट वाटलं.

उत्तर

भाऊ, मुलीनं लावलेला अर्थ कोशातलाच आहे, फक्त तो टेबलाला लागत नाही. इंग्रजीत नामाला काहीही न जोडता त्याचं क्रियापद करता येतं. 'डस्ट' क्रियापद झाला की त्याचा अर्थ एवढाच उरतो: धुळीचं जे करायचं ते करणे. काय करायचं, ते कर्म सांगतं. कर्म टेबल असेल तर धूळ काढायची, पीक असेल तर भुकटी टाकायची. वर्गातला डस्टर खडूची भुकटी पुसून घेतो. शेतातल्या धुरळणी यंत्राचंही इंग्रजी नाव डस्टरच, आणि ते भुकटी उडवतं! 'सीड'चंही असंच. वावर सीड करणं म्हणजे पेरणं, मिरची सीड करणं म्हणजे तिच्या बिया काढून टाकणं. मराठीनं धुरळणे आणि झटकणे असे दोन वेगळे शब्द ठेवले, म्हणून आपण इथे अडखळत नाही.

हे असं का झालं, ते मला फार मोलाचं वाटतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नाम आणि क्रियापद वेगळे दिसायचे. प्रेम म्हणजे 'लुफु', प्रेम करणे म्हणजे 'लुफिअन'. उत्तर म्हणजे 'अंडस्वारू', उत्तर देणे म्हणजे 'अंडस्वारिअन'. पुढच्या काही शतकांत ही शेपटं झिजत गेली, आणि पंधराव्या शतकापर्यंत बहुतेक गळून पडली. उरले नुसते 'लव्ह' आणि 'आन्सर', दोन्ही कामांना एकेकच. एकदा अशा जोड्या सरसकट दिसू लागल्यावर लोकांनी नव्या नामांचीही बिनदिक्कत क्रियापदं केली.

म्हणून मुलीला सांगा, इंग्रजी शब्द एकटा उभा असेल तर त्याची जात विचारू नये. त्याच्या मागेपुढे काय आहे ते पाहावं. मागे 'द' किंवा 'माय' असेल तर बहुधा नाम, 'टू', 'विल' किंवा 'कॅन' असेल तर बहुधा क्रियापद. 'द वॉटर' म्हणजे पाणी, 'टू वॉटर' म्हणजे ओलीत करणं. 'राउंड' तर पाच जातींत बसतो: गोल (विशेषण), डॉक्टरांचा राउंड (नाम), आकडा पूर्णांकात आणणे (क्रियापद), मागे वळून (क्रियाविशेषण) आणि कोपऱ्याला वळसा घालून (शब्दयोगी).

एका ठिकाणी मात्र सावध राहावं. 'वेल' म्हणजे विहीर आणि 'वेल' म्हणजे चांगलं, हा एकाच शब्दाचा दुहेरी वापर नाही. ते मुळातच दोन वेगळे शब्द आहेत, फक्त आवाज सारखा.

आणखी एक मत

मॅडम, तुमच्या उत्तरावरून वाटतं की नामाला काही न जोडता क्रियापद करणं मराठीत होत नाही. ते मला पटलं नाही. "वखर आण" म्हटलं तर वखर नाम. "हे वावर वखर" म्हटलं तर क्रियापद. नांगराचंही तेच. शब्दाला काय जोडलं? काहीच नाही.

उत्तर

तुमचं खरं आहे, माझ्या उत्तरात ही बाजू राहून गेली. 'तू'ला केलेल्या आज्ञेत धातू, म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप, उघडा असतो, तिथे आपणही इंग्रजीसारखेच वागतो. पण माणूस किंवा काळ बदलला की प्रत्यय येतो: वखरतो, वखरलं, वखरा. 'पुढे'ही बघा. "तो पुढे गेला" यात क्रियाविशेषण, "घरापुढे" यात शब्दयोगी. एक बाजू तुम्ही मांडली नाही, तीही सांगते. बाहेरून आलेल्या शब्दाला मराठी सहसा नाम म्हणूनच घरात घेते आणि क्रियापद वेगळं देते: फोन लावला, स्प्रे मारला, फोटो क्रॉप केला. यातला 'क्रॉप' मूळचा झाडाचा शेंडा किंवा कणीस. त्यावरून शेंडा छाटणं, आणि आता फोटोची कड छाटणं. पिकाचा 'क्रॉप' तोच.

प्रश्नकर्ता

मुलीला वाचून दाखवलं. तिनं वहीत लिहिलं, "वुई वॉटर द प्लांट्स विथ वॉटर फ्रॉम द वेल," अन् दोन्ही 'वॉटर'खाली वेगवेगळ्या रंगाची रेघ ओढली. आता विचारते, 'प्लांट द प्लांट' चालते का?

उत्तर

चालते. पहिला 'प्लांट' लावणं, दुसरा रोप. मधल्या 'द'खाली तिसऱ्या रंगाची रेघ ओढायला सांगा.